बोअरच्या केसिंगमधून पाण्याखाली सूर

हा पाईप बघा. बोअरचा केसिंग पाईप आहे, सहा इंची, लोखंडी, पवनीकडच्या एका वेल्डिंगच्या दुकानात दीड मीटरवर कापून घेतलेला. दोन्ही तोंडं उघडी. आत मधोमध पिझोच्या, म्हणजे वीज दिली की थरथरणाऱ्या, चकत्या, वायरचे जोड इपॉक्सीने बंद. कॉलेजची पोरं यातून पाण्याखाली आवाज काढून रायली.

लोकांना वाटतं स्पीकर प्लास्टिकात गुंडाळून बुडवला की झालं. नाही होत. पाण्यात आवाज सेकंदाला जवळपास १५०० मीटर पळतो, म्हणजे २५० हर्ट्झच्या खर्जाची एक लाट सहा मीटरची, आणि तळहाताएवढ्या चकतीने तेवढ्या लांब लाटेचा आवाज काढायचा म्हटलं तर बॅटरी उतरते पण आवाज काही येत नाही. तेच पाईपातलं पाणी आपल्या सुरात थरथरायला लागलं की थोड्या करंटमध्ये भागतं. फक्त सूर एकच मिळतो, जरा इकडेतिकडे झालं की आवाज पडला.

म्हणून पाईपाला पाडलेल्या या चिरा. ग्राइंडरचा हा शॉट आम्ही मुद्दाम लांब ठेवला, ठिणग्या मस्त आल्यात. आता या चिरांवरून बाहेरचा पाईप सरकवायचा, चिरा उघडल्या की सूर चढतो, झाकल्या की उतरतो, बासरीच्या भोकांचं असतं तसंच. ग्रीनलँड आणि स्वालबार्डच्या मधे फ्राम सामुद्रधुनीत २०१० ते २०१२ च्या दरम्यान असेच सूर बदलणारे पाईप पाण्यात सोडले होते, साधारण २०० ते ३०० हर्ट्झचे, आवाज पोचायला किती वेळ लागतो त्यावरून पाण्याचं तापमान काढायला. तिथे चिरांवरचा पाईप मोटर सरकवायची, इथे दोरी. तत्त्व तेच, आणि ते या दुकानातही तेवढंच चालतं!

फळ्यावरचा हिशोब बघा, पाईपात अर्धी लाट मावते, म्हणून दीड मीटरला ५०० हर्ट्झ. निघतात ४०० च्या आसपास, तेही चिरा झाकून. कारण लोखंड असलं तरी भिंत किंचित फुगते, आणि दोन्ही तोंडांबाहेरचं थोडं पाणीही सोबत हलतं. पीव्हीसी घेतला असता तर भिंत इतकी ढिली की हिशोबाचं काही उरलंच नसतं.

पहिली टेस्ट विहिरीत. काठड्याचे प्रतिध्वनी इतके की पाईप कोणता आणि विहीर कोणती, ग्राफवरून कळेना. मग मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. पण उन्हाळ्यात पाणी जेमतेम गुडघाभर, आणि ४०० हर्ट्झला निदान मीटरभर खोली लागते, तळाशी गाळ असला तर जास्तच, नाहीतर आवाज दूर जातच नाही, जागीच विरतो. शेवटी गोसीखुर्द धरणाचं बॅकवॉटर, धिवर काकांचा डोंगा.

"कायले वाजवून रायले बापा, मासे पळतीन ना!" काकांचं बरोबर आहे, मोठ्या आवाजाने मासे बिथरतात, समुद्रात देवमाशांचाही प्रश्न आहे, म्हणून इथे आवाज बारीकच ठेवला.

हे आता तसंच ऐका, मी मधे बोलत नाही.

ऐकलंत? दोरी ओढली तसा सूर चढला. पुढचं काम स्टेपर मोटरचं, आणि एका सर्किटचं, जे पाईपाच्या आतल्या हायड्रोफोनचं, म्हणजे पाण्याखालच्या माइकचं, ऐकून सूर सुटला की चिरांवरचा पाईप आपोआप सरकवेल. मोटर आली आहे, वॉटरप्रूफ डबा वेल्डरभाऊ बनवताहेत.