कांदा कुणाचा?

(पडद्यावर: लासलगाव बाजार समितीचं आवार, ट्रॅक्टरच्या रांगा, लिलावाचा पुकारा)

७ डिसेंबर २०२३. दिल्लीत विदेश व्यापार महासंचालनालयाची एक अधिसूचना निघाली. कांद्याची निर्यात ३१ मार्चपर्यंत बंद, अंमल दुसऱ्या दिवसापासून. सकाळ झाली तेव्हा नाशिक जिल्ह्यात कित्येकांच्या ट्रॉल्या भरून तयार होत्या. ठिकठिकाणी लिलाव बंद पडले. चांदवडला शेतकरी मुंबई-आग्रा महामार्गावर बसले. पुढच्या काही आठवड्यांत लाल कांद्याचा भाव जवळपास निम्म्यावर आला.

लाल कांदा साठवता येत नाही. तो काढला की विकायचाच. उन्हाळ कांदा निदान साठवणुकीच्या कांदाचाळीत चार-सहा महिने निघतो, लाल कांद्याला तेवढा श्वास नसतो. म्हणून डिसेंबरच्या बंदीत शेतकऱ्याला थांबण्याचीही सोय राहत नाही. मिळेल त्या भावाला माल ओतायचा आणि घरी जायचं.

यावर दरवेळी एकच वाद होतो. ग्राहकाला कांदा स्वस्त मिळावा की शेतकऱ्याला भाव मिळावा? आम्हाला वाटतं, त्याआधीचा प्रश्न कुणी विचारतच नाही. बियाणं त्याचं, रोप त्याचं, लागवडीची मजुरी त्याने दिली, पाणी त्याने रात्री-अपरात्री उठून दिलं. मग तो कांदा कुठे आणि कुणाला विकायचा हे ठरवण्याचा हक्क कुणाचा?

(पडद्यावर: जुनी राजपत्रं, कायद्याची पानं)

सरकारच्या हातात हा अधिकार आला दुसऱ्या महायुद्धात. भारत संरक्षण नियमांखाली ब्रिटिश सरकारने धान्य, कापड, इंधन यांच्या साठ्यावर आणि वाहतुकीवर नियंत्रणं बसवली. युद्ध संपलं. १९४६ साली त्या नियंत्रणांसाठी वेगळा कायदा झाला आणि त्याच्या नावातच ‘तात्पुरते अधिकार’ असं लिहिलेलं होतं. १९५५ साली जीवनावश्यक वस्तू कायदा आला आणि तात्पुरतं होतं ते कायमचं झालं. एखादी वस्तू जीवनावश्यक ठरवली की तिचा साठा, वाहतूक, किंमत, विक्री, सगळ्यावर सरकारचा हात.

पुढची पायरी आणीबाणीतली. १९७६च्या चाळिसाव्या घटनादुरुस्तीने हा कायदा राज्यघटनेच्या नवव्या परिशिष्टात टाकला गेला. १९५१च्या पहिल्याच घटनादुरुस्तीने हे परिशिष्ट तयार झालं. त्यात ठेवलेला कायदा मूलभूत हक्कांचा भंग करतो म्हणून रद्द करा, असं न्यायालयात म्हणण्याची वाट जवळजवळ बंद झाली. सुरुवातीला त्यात तेरा कायदे होते, आज २८४ नोंदी आहेत. त्यातल्या बहुतेक शेतजमिनीशी संबंधित आहेत. परिशिष्ट आणलं गेलं जमीनदारी मोडण्यासाठी, आणि त्या हेतूबद्दल आम्हाला आदरच आहे. पण जमीनदार गेल्यावरही दार उघडलं नाही, आणि आत अडकला तो कसणारा.

निर्यातबंदीला तर एवढाही खटाटोप लागत नाही. १९९२च्या विदेश व्यापार कायद्याखाली एक अधिसूचना पुरते. संसदेत चर्चा नको, शेतकऱ्याला आगाऊ सूचना नको, नुकसानभरपाईचा तर प्रश्नच नाही.

(पडद्यावर: चाकणचा बाजार, आंबेठाणची माळरानाची जमीन)

या अधिकारावर महाराष्ट्रात सगळ्यात खोलवर बोट ठेवलं ते शरद जोशींनी. जन्म १९३५, सातारा. भारतीय टपाल सेवेतले अधिकारी, नंतर स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जागतिक टपाल संघटनेत नोकरी. ती सोडून ते १९७६-७७च्या सुमारास परतले आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन स्वतः शेती करू लागले. हिशेब लिहून शेती करणारा माणूस. वहीत दरवर्षी एकच उत्तर येऊ लागलं: पीक चांगलं आलं तरी तोटा, वाईट आलं तरी तोटा.

मग त्यांनी मांडलं की शेतीतली गरिबी आळसाची नाही, अडाणीपणाची नाही, निसर्गाचीही नाही. ती धोरणाची आहे. कारखान्याला कच्चा माल स्वस्त हवा, कामगाराला अन्न स्वस्त हवं, म्हणजे मजुरी कमी ठेवता येते. त्यासाठी शेतमालाचा भाव पाडून ठेवायचा. भाव चढला की निर्यातबंदी, साठ्यावर मर्यादा, परदेशातून आयात. भाव पडला की सरकार गप्प. ‘शेतकऱ्याचे मरण, हेच सरकारचे धोरण’ ही घोषणा या हिशेबातून आली.

१९८०च्या सुरुवातीला चाकणला कांद्यासाठी रास्ता रोको झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात नाशिक जिल्हा पेटला. उसाला टनाला ३०० रुपये आणि कांद्याला रास्त भाव, एवढी मागणी. रस्ते अडले, रेल्वे अडली, खेरवाडीला पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मारले गेले. पुढच्या वर्षी निपाणीला तंबाखूच्या आंदोलनात पुन्हा गोळीबार, पुन्हा मृत्यू. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ म्हणणाऱ्यांना मिळालेलं हे उत्तर.

इथे एक खरा पेच आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. सरकारकडे भाव मागणारं आंदोलन उदारमतवादी, म्हणजे मोकळ्या बाजाराच्या बाजूचं, कसं? बाजाराने ठरवायची ती किंमत सरकारने ठरवावी, अशीच ही मागणी झाली ना? शरद जोशींच्या टीकाकारांनी हे वारंवार विचारलं. जोशींची भूमिका समजून घेताना क्रम लक्षात ठेवावा लागतो. सरकारने आधी बाजाराला मोडता घातला आणि भाव पाडला. जो भाव पाडतो त्याच्याकडेच भरून मागायचं. पण शेवटचं मागणं सरकारी खरेदीचं नव्हतं, सरकारने वाटेतून बाजूला होण्याचं होतं. पुढच्या दशकात हे आणखी उघड झालं. जागतिक व्यापार खुला करण्याच्या डंकेल प्रस्तावावर देशभर गदारोळ होता, डावे आणि स्वदेशीवाले एका सुरात विरोध करत होते, तेव्हा शेतकऱ्यांचा हा नेता जागतिक बाजाराच्या बाजूने उभा राहिला. म्हणाला, आम्हाला जगात विकू द्या. त्यासाठी त्यांनी स्वतःच्या माणसांचा रोष पत्करला. १९९४मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला. निवडणुकांत तो फारसा चालला नाही.

कापसाचं उदाहरण तर अंगावर येणारं आहे. १९७२पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. विदर्भातल्या शेतकऱ्याने कापूस विकायचा तो सरकारच्या यंत्रणेलाच. राज्याच्या सीमेपलीकडे भाव जास्त असला तरी कापसाची गाडी पलीकडे नेणं बेकायदा. स्वतःच्या देशात, स्वतःचा माल! सुरुवातीला ही योजना शेतकऱ्याच्या भल्याची म्हणून आणली गेली आणि काही वर्षं तिने भाव दिलाही. मग चुकारे रखडले, तोटा साचला, आणि जवळजवळ तीन दशकांनी ती मोडली. एकच खरेदीदार ठेवला की तो कितीही सज्जन असला तरी विकणाऱ्याची मान त्याच्या हातात जाते.

(पडद्यावर: चांदवड, १९८६चं महिला अधिवेशन)

मालकीची ही गोष्ट बांधावर थांबली नाही. नोव्हेंबर १९८६मध्ये याच चांदवडला शेतकरी महिलांचं प्रचंड अधिवेशन भरलं. त्यानंतर शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला. नवऱ्याने आपणहून जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करायचा. सरकारी सक्ती नाही, अनुदान नाही. गावोगावी लोकांनी ते केलं. सातबाऱ्यावर नाव आलेल्या बाईचा घरातला शब्द बदलतो, हे ग्रामीण महाराष्ट्रात कुणालाही विचारून पाहा. आमच्या मते संघटनेच्या सगळ्या कामातलं हे सर्वांत कमी सांगितलं गेलेलं आणि सर्वांत मोलाचं काम आहे.

(पडद्यावर: २०२०, संसद)

आता अलीकडे येऊ. १९९१मध्ये उद्योगांची परवान्यातून सुटका झाली. शेतीची झाली नाही. तीस वर्षांनी, ५ जून २०२०ला केंद्राने अध्यादेश काढले. त्यातल्या एकाने जीवनावश्यक वस्तू कायदा सैल केला. फळं-भाज्यांचे भाव दुप्पट झाल्याशिवाय साठ्यावर मर्यादा नाही, असं त्यात लिहिलं. १५ सप्टेंबरला लोकसभेने ते विधेयक मंजूर केलं. आणि आदल्याच दिवशी, १४ सप्टेंबरला, त्याच सरकारने कांद्याची निर्यात बंद केली होती. ऑक्टोबरात साठ्यावर मर्यादाही आली.

शेतकऱ्याने कशावर विश्वास ठेवायचा? या नव्या कृषी कायद्यांविरोधात दिल्लीच्या सीमेवर बसलेल्या शेतकऱ्यांशी आमचे मतभेद आहेत. बाजार खुला होण्याची भीती आम्हाला वाटत नाही. पण सरकार दिलेल्या शब्दाला जागत नाही ही त्यांची शंका चुकीची होती, असं या दोन तारखांनंतर म्हणवत नाही. या कायद्यांवर सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीत शेतकरी संघटनेचे अनिल घनवट होते. मार्च २०२१मध्ये अहवाल गेला, तो जाहीर झाला नाही, नोव्हेंबरात कायदेच मागे घेतले गेले. घनवटांनी पुढच्या वर्षी अहवाल स्वतःच लोकांपुढे ठेवला.

(पडद्यावर: शहरातली भाजी मंडई)

दुसरी बाजूही नीट ऐकायला हवी. कांदा ८० रुपये किलो झाला तर रोजंदारीवरच्या घरात खरंच ओढ पडते. १९९८मध्ये दिल्ली राज्यातला सत्ताधारी पक्ष कांद्याच्या महागाईत निवडणूक हरला, हे कुठलाच पक्ष विसरलेला नाही. पण प्रमाणही पाहा. २०१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात कांद्याचा भार ०.६४ टक्के होता, म्हणजे शंभर रुपयांच्या खर्चात एक रुपयाही नव्हता. आणि गरीब ग्राहक फक्त शहरात नसतो. लागवडीला, काढणीला, पात कापायला, गोल्टी म्हणजे बारीक कांदा निवडायला जाणाऱ्या बायकांची मजुरी याच पिकातून येते. भाव कोसळला की पुढच्या हंगामात त्यांचं कामही घटतं.

गरिबाला मदत करायचीच असेल तर सरळ मार्ग आहे. सरकारने बाजारभावाने कांदा खरेदी करावा, स्वस्तात विकावा, किंवा गरिबाच्या खात्यात पैसे टाकावेत, आणि त्याचा खर्च अर्थसंकल्पात दाखवावा. तसं केलं की किंमत सगळ्या करदात्यांवर पडते आणि लोकप्रतिनिधींना तिचा हिशेब द्यावा लागतो. निर्यातबंदीत ती किंमत फक्त येवला, निफाड, कळवणच्या शेतकऱ्याच्या खिशातून निघते आणि कुठल्याच वहीत चढत नाही. चढते ती अभ्यासकांच्या वहीत. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना आणि दिल्लीतल्या इक्रिअर या संस्थेच्या २०१८च्या अहवालाने २००० ते २०१६ या काळाचा ताळा मांडला. खतं, वीज, पाण्याची अनुदानं जमेला धरूनही भारतीय शेतकऱ्याला मिळालेला आधार शेतीच्या एकूण उत्पन्नाच्या सरासरी उणे १४ टक्के. शरद जोशी ‘उणे सबसिडी’ म्हणत तेव्हा लोक त्यांना वेड्यात काढत.

बाजार समित्यांबद्दलही बोललं पाहिजे, नाहीतर आम्ही व्यापाऱ्याची वकिली करतोय असं वाटेल. १९६३च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या समित्यांमध्ये परवान्यांची कुंपणं घातली गेली आणि मोजक्या खरेदीदारांना रान मोकळं मिळालं. २०१६मध्ये राज्याने फळं-भाज्या नियमनातून काढल्या, आडत, म्हणजे आडत्याची दलाली, शेतकऱ्याऐवजी खरेदीदारावर टाकली, तेव्हा संप करणारे व्यापारीच होते. स्पर्धा नको असते ती आत बसलेल्याला.

(पडद्यावर: बंदरावरचे कंटेनर, बांगलादेश सीमेवरचे ट्रक)

२०२३ची बंदी ३१ मार्चला उठली नाही, वाढली. एप्रिलमध्ये गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला निर्यातीची परवानगी मिळाली. सहा देशांसाठी ९९,१५० टनांची मुभा मिळाली, तीही एका सहकारी निर्यात कंपनीमार्फत. नाशिकचा शेतकरी बघत राहिला. सरसकट बंदी घातली की पुढे सवलत वाटण्याचा अधिकार आपोआप निर्माण होतो, आणि ती कुणाला मिळेल हे शेतातल्या कष्टावर ठरत नाही. ४ मे २०२४ला, लोकसभेच्या मतदानाचे टप्पे चालू असताना, बंदी उठली. पण टनाला ५५० डॉलरची किमान निर्यात किंमत आणि ४० टक्के शुल्क राहिलं. किमान किंमत सप्टेंबरात गेली आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं. तेही पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ला.

एव्हाना बांगलादेशच्या, श्रीलंकेच्या आयातदारांनी पाकिस्तान, चीन, इजिप्तचा माल घेऊन पाहिला होता. बेभरवशाचा विक्रेता म्हणून नाव झालं की भाव कमी करूनच परत दारात उभं राहावं लागतं.

चाळ बांधायची की नाही, उन्हाळ कांदा किती लावायचा, हे शेतकरी हिवाळ्यात ठरवतो. त्याचा माल विकायला येतो पुढच्या दिवाळीच्या आसपास. मधल्या महिन्यांत पाऊस, सड, करपा यांची जोखीम तो घेतोच, ती त्याच्या धंद्यातली आहे. अधिसूचनेची जोखीम त्याने का घ्यावी? आमची मागणी छोटी आहे आणि पहिली पायरी म्हणून ती पुरेशी आहे. जीवनावश्यक वस्तू कायदा नवव्या परिशिष्टातून बाहेर काढा, म्हणजे शेतकऱ्याला निदान न्यायालयात जाता येईल. आणि शेतमालाची निर्यात बंद करायची असेल तर आधी संसदेत या, कारण सांगा, आणि बंदीच्या आदल्या दिवशीचा भाव व नंतरचा भाव यांतला फरक बाजार समितीच्या पावत्या पाहून शेतकऱ्याला द्या.