खानदेशचा माल आणि निर्यातदाराचे नाव

श्रोतेहो, नमस्कार.

रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यातली केळी परदेशात जाते, ही गोष्ट आता नवी राहिलेली नाही. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि जून 2021 मध्ये तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची 22 टन मानांकित केळी दुबईला रवाना झाली. तरीही आपल्याकडच्या बहुतेक बागायतदारांचा व्यवहार बांधावरच संपतो. व्यापारी येतो, बऱ्हाणपूरच्या केळी बाजाराचा भाव पाहून सौदा ठरतो, गाडी भरली जाते. पुढे तो माल कोणाच्या नावाने, कोणत्या देशात आणि काय दराने विकला गेला, याचा बागायतदाराला पत्ता नसतो. निर्यातदार म्हणून आपल्याच माणसाचे किंवा शेतकरी कंपनीचे नाव लागावे, यासाठी शासनाची कोणती मदत खरोखर कामाची आहे, त्याविषयी मी आज बोलणार आहे.

कागदपत्रांचे आधी सांगतो, कारण त्यांची भीती उगाच मोठी झाली आहे. आयात-निर्यात कोड विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर 500 रुपये शुल्कात मिळतो. मात्र दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये त्यातली माहिती पुन्हा कायम करावी लागते, नाहीतर कोड बंद पडतो. शेतमालासाठी अपेडाची, म्हणजे शेतमाल निर्यातीला चालना देणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची, नोंदणी लागते. जीएसटी विभागाकडे हमीपत्र दाखल केले की निर्यातीच्या मालावर आधी कर भरून नंतर परताव्याची वाट पाहण्याची वेळ येत नाही.

खरी अडचण पैशाची आहे. माल न्हावाशेवा बंदरातून एकदा निघाला की तो आपल्या हातात राहत नाही, आणि पलीकडच्या खरेदीदाराने पैसे थकवले तर लहान उद्योजकाची दोन-तीन वर्षांची कमाई एका कंटेनरमध्ये बुडू शकते. या जोखमीवर विमा देणारी ईसीजीसी ही केंद्र सरकारची कंपनी 1957 पासून काम करते आहे. खरेदीदार दिवाळखोर झाला, त्याने पैसे दिले नाहीत किंवा त्याच्या देशात युद्ध पेटले, तर नुकसानीचा मोठा हिस्सा ती भरून देते. माझ्या मते याहूनही मोलाची गोष्ट अशी, की ही कंपनी परदेशी खरेदीदाराची पत तपासते आणि त्याला किती रकमेपर्यंत उधारीवर माल देणे सुरक्षित आहे ते सांगते. आपल्याकडे अनुदानाची चौकशी सगळे करतात, या विम्याची फार थोडे करतात. पहिल्यांदा निर्यात करणाऱ्याने हा क्रम उलटा करावा, असे मी आग्रहाने सांगेन.

दुसरा प्रश्न मालाच्या हाताळणीचा. निर्यातीची केळी हिरवीच काढतात. घड जमिनीला टेकू न देता पॅकहाउसमध्ये आणायचा, फण्या सोडवायच्या, चीक निघेपर्यंत धुवायच्या, खोक्यात भरायच्या आणि लगेच साधारण 13 ते 14 अंशांपर्यंत थंड करायच्या. त्याहून थंडी वाढली तर साल काळवंडते, आणि थंड करायला उशीर झाला तर वाटेतच माल पिकू लागतो. म्हणून शीतगृह दूर असून चालत नाही, ते बागेच्या जवळच हवे.

नंदुरबारच्या मिरचीचेही तसेच आहे. पथारीवर उघड्यावर वाळणारी मिरची अवकाळी पावसात भिजली की बुरशी धरते, तिच्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष तयार होते, आणि त्याबाबत युरोपचे नियम अतिशय कडक आहेत. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी 2020 मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये अनुदानाची तरतूद आहे. अनुदान घ्यायचेच असेल तर ते वाळवणी यंत्रासारख्या, मालाचा दर्जा वाढवणाऱ्या गोष्टीसाठी घ्यावे.

केळीचे वेफर्स, पापड, मसाले करणाऱ्या बचत गटांना कंटेनर भरण्याइतका माल कुठून आणायचा, अशी शंका येईल. त्यांच्यासाठी टपाल खात्याची डाकघर निर्यात केंद्रे आहेत. तिथून पार्सलनेही रीतसर निर्यात करता येते आणि सीमाशुल्काचे कागद ऑनलाइन भरता येतात.

राहता राहिली जिल्ह्याची जबाबदारी. प्रत्येक जिल्हा निर्यात केंद्र व्हावा, या धोरणातून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा निर्यात प्रोत्साहन समित्या स्थापन झाल्या आहेत. जळगावचे चटई आणि पाइप कारखानदार, डाळमिलवाले, धुळे-नंदुरबारचे प्रक्रिया उद्योजक आणि शेतकरी कंपन्या यांनी जिल्हा उद्योग केंद्राच्या महाव्यवस्थापकांना भेटून आपले प्रश्न या समितीच्या विषयपत्रिकेवर लेखी घालून घ्यावेत. मागणी नेमकी असावी: कोणत्या गावाजवळ पूर्वशीतकरण केंद्र, म्हणजे काढलेला माल लगेच थंड करण्याची सोय, हवे, मिरचीचे नमुने तपासणारी प्रयोगशाळा कुठे हवी, ईसीजीसीच्या अधिकाऱ्यांचे मार्गदर्शन शिबिर कोणत्या तालुक्यात हवे. अशा अर्जाची पोच घ्यावी आणि पुढच्या बैठकीत त्यावर काय ठरले, ते इतिवृत्त मागून पाहावे.