एग-मोर्त: साचलेल्या पाण्यातलं बंदर

दक्षिण फ्रान्समध्ये ऱ्होन नदी भूमध्य समुद्राला मिळते, तिथला मुलूख सगळा दलदलीचा. उथळ सरोवरं, रोहित पक्ष्यांचे थवे, आणि मिठागरं. उन्हाळ्यात सूक्ष्म शेवाळामुळे मिठागरांचं पाणी चक्क गुलाबी होतं. याच दलदलीच्या कडेला तटबंदीच्या आत एक गाव आहे, एग-मोर्त. नावाचा अर्थ मेलेलं पाणी. म्हणजे न वाहणारं, साचलेलं.

अशा जागी गाव वसवलं ते राजाने. तेराव्या शतकात नवव्या लुईकडे या समुद्रावर स्वतःचं बंदरच नव्हतं. मार्सेय प्रोव्हान्सच्या काउंटकडे, मोंपेलिए अरागॉनच्या राजाकडे. म्हणून लुईने मठाकडून ही जमीन घेतली, भक्कम बुरूज बांधला आणि लोकांनी राहायला यावं म्हणून 1246 मध्ये करमाफीची सनद दिली. 1248 मध्ये तो इथूनच धर्मयुद्धाला निघाला. 1270 मध्ये पुन्हा निघाला, तो ट्युनिसलाच वारला. तट त्याच्या मुलाने बांधायला घेतला.

समुद्र तेव्हा तटाला भिडत होता, असं पुष्कळ जण सांगतात. तसं नव्हतं. जहाजं सरोवरांतून, कालव्यांतून आत यायची, आणि ते कालवे गाळाने भरत गेले. 1481 मध्ये मार्सेय राजाच्या हाती आलं. मग या गाळाशी कोण झगडणार? व्यापार गेला, गाव वाढलं नाही, म्हणूनच तट पाडायची वेळही आली नाही.

तट पाहून मात्र परत फिरू नका. लुईच्या त्या बुरुजात या. भिंती सहा-सहा मीटर जाड. 1685 नंतर फ्रान्समध्ये प्रॉटेस्टंट पंथावर बंदी आली आणि पुढे इथे बायकांना कोंडलं गेलं. मारी द्युराँ 1730 मध्ये आली, वय 19. तिचा भाऊ धर्मोपदेशक होता. दोन वर्षांनी त्याला फाशी झाली. 'पंथ सोडला' एवढं म्हटलं असतं, तर तिची सुटका होती. ती म्हणाली नाही.

खोलीच्या मधोमध जमिनीत एक गोल झरोका आहे. त्याच्या दगडी काठावर एक फ्रेंच शब्द कोरलाय: प्रतिकार करा. तो मारीनेच कोरला, असं सांगतात.

1768 मध्ये तिला सोडलं. 56 वर्षांची मारी माहेरी परतली, तेव्हा घर मोडकळीला आलं होतं. ती तिथेच राहिली.