धुळीचं गोत्र

(दृश्य: चिमट्यात धरलेला गोल पांढरा फिल्टर. शेजारी तसाच दुसरा, पण करडा.)

काल हे दोन्ही फिल्टर सारखेच पांढरे होते. करडा दिसतोय तो चोवीस तास एका पंपाच्या तोंडाशी बसला होता. पंप शहराची हवा ओढत राहिला आणि हवेत तरंगणारं बरंच काही इथे अडकलं. डोळ्यांना ही नुसती काजळी. क्ष-किरण सोडले की यातलं एकेक मूलद्रव्य आपापली खूण दाखवू लागतं.

आपल्याला हवे आहेत ते धातू. वायू हवेत एकमेकांशी मिसळतात, बदलतात, ओळखू येईनासे होतात. धातूचं तसं नाही. शिसं जळून संपत नाही. संयुग बदललं, तरी आतलं शिसं शिसंच राहतं. म्हणूनच त्याला विचारता येतं: बाबा रे, तू आलास कुठून?

(दृश्य: सिग्नलला थांबणारी वाहनं, मग बंदरातलं जहाज.)

ब्रेक दाबला की तांबं, अँटिमनी आणि बेरियम उडतं. टायर झिजला की जस्त. जहाजाचं जड इंधन जळतं तेव्हा व्हॅनेडियम आणि निकेल जोडीनं येतात. कोळशाच्या धुरात आर्सेनिक आणि सेलेनियम, पोलादाच्या भट्टीतून लोह आणि मँगनीज.

वाटतं, झालं की! यादी समोर ठेवायची आणि चोर पकडायचा. पण इथेच फसगत होते. जस्त टायरमधून येतं, तसंच कचरा जाळल्यावरही येतं. लोह तर साध्या मातीतही असतं. एकट्या धातूची साक्ष कच्ची. पाहायचं ते टोळकं: कोणते धातू एकत्र वाढतात आणि एकत्रच ओसरतात. शेकडो फिल्टरांच्या आकड्यांमधून अशी टोळकी वेगळी काढण्याची एक गणिती पद्धत फिनलंडच्या पेंटी पाटेरो यांनी १९९४ च्या सुमारास मांडली. ती आज जगभर वापरतात. गणित एवढंच सांगतं, की ही मंडळी एका घरची दिसतात. घर कोणतं, हे माणसानंच ठरवायचं असतं, आणि ते ठरवताना तज्ज्ञही चुकतात.

शिशाचं गोत्र त्याहून खोल जातं. शिशाची चार स्थिर समस्थानिकं आहेत, म्हणजे वजनानं थोडे वेगळे असे चार प्रकार. त्यातली तीन युरेनियम आणि थोरियमच्या किरणोत्सारी ऱ्हासातून वाढत राहतात. त्यामुळे निरनिराळ्या खाणींच्या शिशात त्यांचं प्रमाण निरनिराळं असतं, आणि वितळवलं, जाळलं तरी ते जवळपास तसंच टिकतं. शिसंयुक्त पेट्रोल वाहनांसाठी विकणारा शेवटचा देश अल्जेरिया. तिथली विक्री २०२१ मध्ये थांबली. रस्त्याकडेच्या मातीत मुरलेलं त्या पेट्रोलचं जुनं शिसं मात्र आजही धुळीबरोबर उठतं, आणि त्याचं गोत्र शोधायला हेच प्रमाण कामी येतं.

(दृश्य: ओलं खोड, त्यावर हिरवी मखमल.)

आता पोर्टलंड. अमेरिकेतलं ओरेगन राज्य, डिसेंबर २०१३. वनसेवेचे जेफ्री डोनोव्हन आणि सेरा जोवन यांनी शहरभरच्या झाडांवरून मॉसचे, म्हणजे खोडावरच्या या हिरव्या मखमलीचे, ३४६ नमुने गोळा केले. मॉसला खरी मुळं नसतात. पाणी आणि क्षार ते पावसातून, हवेतून घेतं, आणि त्यांच्याबरोबर धातूही अंगात साठवतं. ना वीज लागते, ना कुलूप. मोजणीची यंत्रं इतकी महाग, की अख्ख्या शहरात ती मोजकीच. झाडं मात्र गल्लोगल्ली.

नमुन्यांतलं कॅडमियम नकाशावर मांडलं, तर ते दोन ठिकाणी दाटलं होतं. तिथे ना मोठा पोलाद कारखाना होता, ना वीजकेंद्र. होते ते रंगीत काच बनवणारे दोन कारखाने. काचेतला झगझगीत पिवळा, केशरी, लाल रंग कॅडमियम देतं.

पण मॉस महिनोन्महिन्यांचं साचलेलं दाखवतं. माणूस आज श्वासातून किती घेतोय, ते त्याला सांगता येत नाही. म्हणून ऑक्टोबर २०१५ मध्ये राज्याच्या पर्यावरण विभागानं त्यातल्या एका कारखान्याजवळ यंत्र बसवलं. सरासरी कॅडमियम राज्याच्या मापदंडाच्या ४९ पट निघालं. आर्सेनिक १५९ पट!

फेब्रुवारी २०१६ मध्ये हे लोकांसमोर आलं. आसपासच्या रहिवाशांना परसातली भाजी सध्या खाऊ नका, असं सांगण्यात आलं. कारखान्यांनी कॅडमियमचा वापर थांबवला, आणि त्याच वर्षी राज्यानं रंगीत काचेच्या भट्ट्यांसाठी वेगळे नियम केले.

(दृश्य: रस्ता, रांगेतली झाडं, मागे कारखान्याची भिंत.)

हे कारखाने लपून चालत नव्हते. वर्षानुवर्षं ते तिथेच होते, वस्तीला लागून. मॉसचा नकाशा तयार होईपर्यंत त्या रस्त्यावर यंत्र ठेवावं, असं कोणाच्या मनात आलं नव्हतं.