चिप डिझाइनचा मॅनेजर नेमकं करतो काय?

नमस्कार मंडळी. मागं मशीनचा आवाज येतोय, तो असू दे. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात, काकांच्या पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने बनवतात तिथं, उभा आहे. मी चिप डिझाइनमध्ये मॅनेजर आहे, पण घरचे अजून "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढंच सांगतात. म्हणून आज इथूनच सांगतो.

ही पट्टी बघा. हिचा मीटर खऱ्या मीटरपेक्षा साधारण १० मिलिमीटर मोठा. फाउंड्रीत ओतलेलं बीड (कास्ट आयर्न) थंड होताना आकसतं, म्हणून लाकडी पॅटर्न आधीच तेवढा मोठा करायचा.

आमचंही तसंच. आम्ही चिप आखतो, बनवते फाउंड्री. हो, तिलाही फाउंड्रीच म्हणतात! तैवानची टीएसएमसी १९८७ मध्ये निघाली ती दुसऱ्यांची डिझाइनं बनवून द्यायलाच, शिरोलीत जॉबवर्क चालतं तसं. पण तिथून येणारी एक चिप जरा वेगवान, दुसरी जरा मंद. तापली की आणखी वेगळी. म्हणून टायमिंगमध्ये, म्हणजे सिग्नल पोचायच्या वेळेत, मार्जिन सोडायचं. कमी पडलं तर चिप चुकते, जास्त झालं तर जागा आणि वीज वाया. किती सोडायचं, त्यावर सही मॅनेजरची.

सुरुवातीची वर्षं एकाच ब्लॉकवर, म्हणजे चिपच्या एका भागावर, जातात. व्हेरिलॉग (चिपचं डिझाइन लिहायची भाषा) लिहा, नाहीतर दुसऱ्यानं लिहिलेलं तपासा. (तपासणीला पोरं उगाच नाकं मुरडतात, माणसं तिथंच जास्त लागतात.) मग लीड, मग मॅनेजर. तेव्हा टूल (डिझाइनचं सॉफ्टवेअर) हातातून सुटतं, आणि वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? हातात येते वेव्हर लिस्ट. टूलनं दाखवलेल्या, पण टीमनं "चालतंय, सोडा" म्हणून माफ केलेल्या चुकांची यादी.

त्यातली एक ओळ मी रात्री दीड वाजता न वाचताच पास केली. टेपआउट झालं, म्हणजे डिझाइन फाउंड्रीकडे गेलं. तीनेक महिन्यांनी चिप आली, ती स्लीपमधून जागीच होईना. नशीब, जागोजागी स्पेअर गेट (जास्तीची छोटी सर्किटं) पेरून ठेवले होते, म्हणून वरच्या धातूच्या थरांचे मास्क (चिप छापायचे साचे) बदलून भागलं. तरी मास्कचा खर्च आणि पुन्हा काही महिने गेलेच. इंटेलला तर पेंटियम चिपच्या भागाकाराच्या तक्त्यात काही नोंदी राहिल्यापायी ४७.५ कोटी डॉलरचा फटका बसला होता.

काकांना हे सांगितलं, तर म्हणाले, "रात्री दीडला सही केलास व्हय?" ते स्वतः तयार पॅटर्न रात्रभर तसाच ठेवतात आणि सकाळी चहाच्या आधी पुन्हा माप घेतात.

आता आमची वेव्हर लिस्ट सकाळी साडेनऊला उघडते. टीम वैतागते.