आग खालून येते

नमस्कार श्रोतेहो.

घर बघायला गेलो की आपण जमीन निरखून बघतो. लादी कोणती, उतार नीट आहे का, चालताना पोकळ आवाज येतो का. छताकडे मात्र पंख्याचा हूक आहे की नाही, एवढ्यापुरतंच लक्ष जातं. खरं तर आपलं छत आणि वरच्या बिऱ्हाडाची जमीन या एकाच स्लॅबच्या दोन बाजू. आणि आगीच्या दृष्टीनं महत्त्वाची बाजू खालची. ज्वाळा आणि तापलेला धूर वर चढतात, छताला भिडतात आणि तिथेच पसरतात. खोलीतली सगळ्यात जास्त उष्णता छताच्या पोटाला लागते. गेली सव्वादोनशे वर्षं आगीला दाद न देणारा मजला बांधायची जी धडपड चालली आहे, ती बरीचशी या पोटाची धडपड आहे.

आपल्याकडच्या कडीपाटापासून सुरुवात करू. वाड्यांमध्ये सागवानी तुळया, त्यांवर कड्या, कड्यांवर पाट आणि त्यावर मातीचा जाड थर असे. वरून ठिणगी पडली तर माती सांभाळून घेई. खालून आग आली तर पाट उघडेच. पुण्याचा शनिवारवाडा १८२८च्या फेब्रुवारीत पेटला तो सात दिवस जळत होता, असं सांगतात. आज तिथे दगडी जोती, तट आणि दरवाजे दिसतात, मजले गेले. त्याआधी १७ फेब्रुवारी १८०३ला मुंबईच्या कोटात लागलेल्या आगीनं कोटातल्या वस्तीचा सुमारे तिसरा हिस्सा खाऊन टाकला.

तरीही लाकडाला सरसकट नावं ठेवू नयेत. जाड तुळई जळते ती बाहेरून आत, मिनिटाला साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर. वर कोळशाचा थर धरतो आणि तोच आतल्या लाकडाला काही काळ राखतो. पातळ फळ्या भुर्रकन जातात, जाड तुळई अर्धा-पाऊण तास भार धरून राहू शकते. ही गोष्ट लक्षात असू द्या, कारण आता लोखंड येतंय.

अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात कापडगिरण्या वाढल्या आणि जळूही लागल्या. कापसाची धूळ, तेल प्यायलेल्या लाकडी जमिनी, दिव्यांचा उजेड, मग दुसरं काय होणार? लंडनमध्ये वाफेवर चालणारी अल्बियन मिल नावाची पिठाची प्रचंड गिरणी होती, ती १७९१मध्ये जळाली आणि कारखानदार हादरले. डर्बीचा गिरणीमालक विल्यम स्ट्रट यानं १७९२-९३मध्ये सहा मजली गिरणी बांधली. तिच्यात लाकडी तुळयांच्या मध्ये विटांच्या बुटक्या कमानी घेतल्या आणि तुळयांच्या खालच्या अंगाला गिलावा करून पत्रा ठोकला. म्हणजे पहिल्याच फटक्यात त्यानं नेमकी जागा ओळखली होती.

पुढच्या माणसानं मात्र गंमत केली. चार्ल्स बेज यानं श्रूझबरीजवळ डिदरिंग्टनला १७९६-९७मध्ये अळशीच्या (लिननच्या) धाग्याची गिरणी बांधली. खांब लोखंडी, तुळयाही लोखंडी, मध्ये विटांच्या कमानी. लोखंडी सांगाड्याची ही जगातली पहिली इमारत मानतात आणि ती आजही उभी आहे. लाकूड गेलं म्हणजे आगीची भीती गेली, असं सगळ्यांना वाटलं. तुळईचं खालचं अंग आता उघडं राहिलं तरी चालेल, कारण लोखंड कुठे जळतं?

लोखंड जळत नाही हे खरं. पण लोहार भट्टीत काय करतो ते खेड्यातलं पोरही सांगेल. साडेपाचशे ते सहाशे अंश सेल्सिअसच्या आसपास पोलादाची ताकद जवळपास निम्मी होते. शिवाय ते लांबतं. सहा मीटरचा गर्डर पाचशे अंशांनी तापला तर साडेतीन-चार सेंटिमीटरनं वाढतो आणि भिंतीला बाहेर ढकलतो. ओतीव लोखंडाची तऱ्हा आणखी वाईट. ते तापलेलं असताना बंबाचं गार पाणी पडलं तर तडकू शकतं.

हे सगळ्यात आधी ठणकावून सांगितलं ते आग विझवणाऱ्या माणसानं. जेम्स ब्रेडवुड हा लंडनच्या अग्निशमन दलाचा प्रमुख. १८४९मध्ये त्यानं तिथल्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेत ‘अग्निरोधक’ म्हणवणाऱ्या इमारतींवर निबंध वाचला. लोखंडी खांबांवर उभं गोदाम एकदा चांगलं पेटलं की आपल्या जवानांना आत शिरायची परवानगी नसते, असं त्यानं सांगितलं. कारण लाकूड जळताना थोडीफार सूचना देतं, ओतीव लोखंड देत नाही. ब्रेडवुड पुढे १८६१मध्ये टूली स्ट्रीटच्या गोदामांच्या आगीत भिंत अंगावर कोसळून गेला. अभियंत्यांनी त्याचं म्हणणं ऐकायला फार वेळ लावला, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि मीही त्याच जातीचा.

ऐकलं ते शिकागोनं, तेही जळून गेल्यावर. ८ ऑक्टोबर १८७१च्या रात्री पेटलेल्या आगीत सुमारे तीनशे माणसं गेली, लाखभर बेघर झाली. लोखंडी दर्शनी भाग मिरवणाऱ्या इमारती वाकून, वितळून पडल्या. त्यानंतरच्या वर्षांत जॉर्ज जॉन्सन यानं तिथल्या केंडल बिल्डिंगमध्ये भाजलेल्या मातीच्या पोकळ ठोकळ्यांचा मजला बसवला. दोन गर्डरांमध्ये ठोकळे कमानीच्या तत्त्वावर एकमेकांत घट्ट बसवायचे, पण खालून सपाट. पोकळ असल्यामुळे वजन कमी आणि उष्णताही हळू वर जाते. पुढे कडेच्या ठोकळ्याला ओठ काढून गर्डरचं खालचं पातंसुद्धा मातीनं झाकायची रीत रूढ झाली. पीटर वाइट यानं १८७४मध्ये खांबांनाही असं मातीचं कवच घालायचं पेटंट घेतलं. शिकागोच्या गगनचुंबी इमारतींचं कौतुक करताना सगळे लिफ्टचं आणि पोलादाचं नाव घेतात. कुंभाराच्या भट्टीतून आलेल्या या ठोकळ्यांचं कुणी घेत नाही. ते नसते तर अशा उंच इमारतीत राहायचं धाडस कुणी केलं असतं?

एका गड्यानं तर गर्डरच काढून टाकला. राफाएल ग्वास्ताविनो हा स्पेनहून १८८१मध्ये न्यूयॉर्कला गेलेला बांधकाम करणारा. पातळ कौलांचे थर जलद घट्ट होणाऱ्या मसाल्यात एकावर एक चिकटवून तो उथळ घुमट उभे करी. खाली धातूच नाही, मग झाकायचं काय! न्यूयॉर्कच्या सिटी हॉलखालचं १९०४चं भुयारी स्टेशन त्याच्याच कंपनीच्या कामाचं आहे, प्रवासी उतरत नसले तरी छत जागेवर आहे. पण त्याला कसबी गवंडी लागत आणि कसब महाग होत गेलं.

मातीच्या ठोकळ्यांची परीक्षा बाल्टिमोरमध्ये झाली. १९०४च्या फेब्रुवारीत तिथे दीड हजारांवर इमारती जळाल्या. पोलादी सांगाड्याच्या उंच इमारती आतून खाक झाल्या तरी उभ्या राहिल्या, एवढं यश. पण ठोकळ्यांची खालची पापुद्र्यासारखी बाजू तापून फुगली, वरची तेवढी फुगली नाही आणि ठिकठिकाणी खालचा भाग तुटून पडला. मग लोकांची नजर काँक्रीटकडे वळली. त्याला एक पुरावाही मिळाला होता. न्यू जर्सीत बेयॉन इथे अर्नेस्ट रॅन्सम यानं टाकणखाराच्या कारखान्याची काँक्रीटची इमारत बांधली होती. १९०२मध्ये तिला आग लागली. आतलं जळण्यासारखं सगळं जळालं, पोलादी भाग पिळवटून पडला आणि काँक्रीटचे मजले जागेवर राहिले.

काँक्रीट का टिकतं? ते उष्णता हळू पोचवतं म्हणून. भार मात्र त्यातल्या सळया घेतात आणि सळया पोलादाच्याच. गर्डरला लागू असलेला साडेपाचशे अंशांचा हिशेब त्यांनाही लागू. फरक एवढाच की त्यांच्या खाली काँक्रीटचा थर आहे. त्या थराला बांधकामावर आम्ही कव्हर म्हणतो. आग आणि सळई यांच्यामध्ये काय आहे? एवढंच, वीस-पंचवीस मिलिमीटर.

आपल्या आयएस ४५६ या संहितेत याचे आकडे दिलेले आहेत. एक तास आग सोसायची तर स्लॅब किमान ९५ मिलिमीटर जाड आणि कव्हर २० मिलिमीटर. दोन तासांसाठी जाडी १२५, आणि कव्हर फक्त टोकांना टेकलेल्या स्लॅबला ३५, मधल्या आधारांवरून सलग जाणाऱ्याला २५. हे तास चाचणीच्या भट्टीतले. ती भट्टी अर्ध्या तासात ८४० अंशांपर्यंत जाते आणि तासाभरात ९४५पर्यंत. उघडा पोलादी गर्डर याच भट्टीत साधारण पाव तासात हात टेकतो.

आता मुंबईकडे येऊ, कारण इथे हे सगळे मजले एकाच शहरात नांदतात. कोटातल्या जुन्या इमारतींत विटांच्या बुटक्या कमानी आणि मध्ये गर्डर, ज्याला आपण जॅक आर्च म्हणतो, अजून दिसतो. गर्डरचं खालचं पातं बहुतेक ठिकाणी उघडं, फार तर ऑइलपेंट मारलेलं. मराठवाड्यात, सोलापूरकडे गर्डरवर शहाबादी फरशी टाकलेली छतं आहेत, त्यांचीही तीच गत. आणि बाकी सगळीकडे आरसीसी.

आरसीसीच्या स्लॅबचं काय होतं ते सांगायला नको. न्हाणीघराखालचा गिलावा फुगतो, एक दिवस पोपडा खाली येतो आणि गंजलेल्या सळया दिसू लागतात. सोसायटीच्या सभेत यावर चर्चा होते ती गळतीची, गंजाची आणि खर्चाची. मात्र जो पोपडा पडला तोच आगीविरुद्धचा थर होता, हे कुणी बोलत नाही. जिथे सळई उघडी आहे तिथला स्लॅब आगीच्या हिशेबात बेजच्या गिरणीइतका मागे गेला. बरं, हा थर पहिल्या दिवसापासून पुरता असतोच असंही नाही. स्लॅब भरायच्या दिवशी सळयांच्या जाळीखाली कव्हर ब्लॉक हवेत. घाईत ते राहून जातात, कुणी खडीचा तुकडा सरकवतो, माणसं जाळीवरून घमेली घेऊन धावतात आणि जाळी खाली सेंट्रिंगला, म्हणजे स्लॅबखालच्या तात्पुरत्या साच्याला, टेकते. सेंट्रिंग उतरल्यावर खालून सळईची रेघ दिसली की मिस्त्री गिलाव्यानं झाकून टाकतो.

फॉल्स सीलिंगचंही बोलायला हवं. जिप्समचा गुण चांगला. त्याच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा रासायनिक बंधात अडकलेलं पाणी असतं. आग लागली की आधी ते पाणी वाफ होऊन निघावं लागतं आणि तोवर पलीकडची बाजू शंभर अंशांच्या आसपास रेंगाळते. पण आपण त्यात काय करतो? दिव्यांसाठी भोकं पाडतो, एसीची जाळी बसवतो. भोकं पडलेल्या छताचं अग्निरोधक म्हणून फारसं मोल उरत नाही. पीव्हीसीच्या पट्ट्यांचं किंवा थर्माकोलचं छत असेल तर ते स्वतःच इंधन. त्यातून ऑफिसांमध्ये लाकडी पार्टिशनं फॉल्स सीलिंगपर्यंतच नेतात. वरची पोकळी या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळी. धूर तिथून तीन केबिनी ओलांडून चौथ्या केबिनीत उतरतो.

२१ जून २०१२ला मंत्रालयात चौथ्या मजल्यावर आग लागली आणि वरचे मजले जळाले, पाच माणसं गेली. इमारतीचा सांगाडा मात्र उभा राहिला आणि दुरुस्तीनंतर तिथे पुन्हा कारभार सुरू झाला. स्लॅब पडला नाही म्हणजे आग वर गेली नाही असं होत नाही. ती जिन्यातून जाते, खिडकीबाहेरून जाते आणि आपणच स्लॅबला पाडलेल्या भोकांतून जाते. उंच इमारतीतलं विजेच्या केबलचं डक्ट म्हणजे तळापासून गच्चीपर्यंतची भोकांची रांग. प्रत्येक मजल्यावर ते अग्निरोधक मसाल्यानं बुजवायचं असतं. पीव्हीसीच्या पाइपांना तर कॉलर हवी, तापली की फुगून पाइपाची जागा भरून काढणारी, कारण पाइप वितळतो आणि भोक राहतं. एकदा बुजवलं की संपलं असंही नाही. नवी इंटरनेटची केबल टाकायला आलेला मुलगा मसाला फोडतो, केबल ओढतो आणि निघून जातो. महाराष्ट्राच्या २००६च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे दर जानेवारीत आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. पंप, होज, नळकांडी तपासली जातात, ठीकच. त्याच दिवशी सेक्रेटरींनी टॉर्च घेऊन प्रत्येक मजल्यावरचं डक्टचं दार उघडून बघायला काय हरकत आहे? आत वरच्या मजल्याचा उजेड दिसला तर मसाला नाही, एवढं समजायला अभियंता लागत नाही.

शेवटी दुरुस्तीबद्दल, कारण हल्ली यात नवी मेख आली आहे. कमजोर स्लॅबला खालून कार्बन फायबरच्या पट्ट्या चिकटवून ताकद देतात. पद्धत उत्तम, काम झटपट, धूळ कमी. पण पट्ट्या चिकटतात इपॉक्सीनं आणि साधं इपॉक्सी साठ-ऐंशी अंशांच्या आसपासच मऊ पडायला लागतं. एवढी उष्णता छताखाली आगीच्या पहिल्या काही मिनिटांतच होते. म्हणून पट्ट्यांशिवाय, निदान स्वतःचं वजन आणि रोजचा भार पेलण्याइतका स्लॅब मुळात सशक्त आहे ना, हे सल्लागाराला विचारा. पट्ट्यांवर अग्निरोधक लेप टेंडरमध्ये धरला आहे का, किती जाडीचा, किती तासांचा, हेही विचारा आणि उत्तर लेखी घ्या. दर कमी करायची वेळ आली की सगळ्यात आधी कापली जाते ती हीच ओळ.