कॅमेरा मिळाला, आता सोबत कोण? कुर्दी डॉक्युमेंटरीवाल्यांची गोष्ट

[दृश्य: दियारबाकिर, काळ्या दगडाची जुनी तटबंदी, खाली बाजार]

हे दियारबाकिर. तुर्कस्तानच्या आग्नेयेला, तिग्रिस नदीच्या काठावरचं शहर, कुर्दी लोक याला आमेद म्हणतात. समजा इथे एक बावीस-तेवीस वर्षांची मुलगी आहे. तिच्या आजीचं गाव 1990 च्या दशकात लष्कराने रिकामं केलं, तशी कितीतरी गावं तेव्हा रिकामी केली गेली. आजी बोलत बसते आणि ही मोबाईलवर शूट करत सुटलीये, हार्ड डिस्क भरत आलीये, पण एवढ्या फुटेजमधून फिल्म कशी काढायची हे विचारायला जवळपास कोणी नाही. अशा पोरापोरींसाठी जे मेंटरिंग प्रोग्रॅम चालतात, त्यांच्याबद्दल आज बोलूया.

थोडी पार्श्वभूमी आधी. कुर्दी माणसं तुर्कस्तान, इराण, इराक आणि सीरिया अशा चार देशांत पसरलीयेत, साधारण तीन ते चार कोटी, आणि स्वतःचा देश नाही. भाषेतसुद्धा कुरमांजी वेगळी, सोरानी वेगळी, एक जास्त करून लॅटिन लिपीत लिहितात तर दुसरी अरबी वळणाच्या. तुर्कस्तानात 1983 साली कायदाच आला होता, कुर्दीत छापायचं नाही, प्रसारण करायचं नाही, तो 1991 मध्ये रद्द झाला. आता ज्या भाषेत छापायलाच बंदी होती तिच्यात सिनेमा शिकवणारी शाळा कुठून असणार?

2008 ची एक डॉक्युमेंटरी आहे, 'इकी दिल बिर बावुल', म्हणजे दोन भाषा आणि एक सुटकेस. नवीन नेमणूक झालेला तुर्की मास्तर एका कुर्दी गावात येतो, त्याला कुर्दी येत नाही, पोरांना तुर्की येत नाही, आणि अख्खं वर्ष कॅमेरा हेच बघतो. ही फिल्म मला इथे का आठवली, तर तीच पोरं मोठी होऊन फिल्म करायला निघतात तेव्हा पुन्हा तेच होतं. फिल्मला पैसे देणाऱ्या फंडाचा फॉर्म इंग्रजीत, पिच म्हणजे त्यांच्यासमोर फिल्म मांडणं तेही इंग्रजीत, सात मिनिटांत स्टेजवर उभं राहून आजीची गोष्ट परक्या भाषेत विकायची. चांगलं इंग्रजी बोलणारा पुढे जातो आणि जिच्याकडे खरोखर फिल्म आहे ती मागे राहते, हे मला फार अन्यायाचं वाटतं.

[दृश्य: सीमेवरचा बर्फाळ डोंगर, खेचरांची रांग]

आता एक साखळी बघा. अब्बास कियारोस्तामींनी 1999 ची 'द विंड विल कॅरी अस' इराणच्या कुर्दिस्तानातल्या एका खेड्यात शूट केली, तिथे त्यांचा असिस्टंट होता बहमन घोबादी, बाने गावचा कुर्दी तरुण. पुढच्याच वर्षी, 2000 मध्ये, घोबादींच्या पहिल्या फीचर फिल्मला कान महोत्सवात कॅमेरा दोर मिळाला, पहिल्या फिल्मसाठीचा पुरस्कार. ती कथा सीमेवरून माल ने-आण करणाऱ्या अनाथ भावंडांची, आणि पडद्यावरची भाषा कुर्दी. पुढे आयसिसच्या हल्ल्यांनंतर सीरियातल्या कोबानी आणि इराकमधल्या सिंजारमधून पळालेल्या लोकांच्या छावण्या उभ्या राहिल्या, तेव्हा याच घोबादींनी तिथल्या आठ मुलांच्या हातात कॅमेरा दिला, त्यांना शिकवलं, आणि त्यांच्या छोट्या फिल्म्स मिळून 'लाइफ ऑन द बॉर्डर' तयार झाली. कुठला फॉर्म नाही, सर्टिफिकेट नाही, एकाकडून दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याकडून या पोरांकडे. कुर्दी समाजाला हे नवीन नाहीच, त्यांचे देंगबेझ म्हणजे कथा गाऊन सांगणारे गायक, ते उस्तादाजवळ बसून, ऐकून ऐकूनच तयार होत आलेत.

शहरात हेच काम संस्थांनी केलं. इस्तंबूलमध्ये 1991 ला मेसोपोटेमिया कल्चरल सेंटर सुरू झालं, त्याच्या सिनेमा ग्रुपमधून काझिम ओझसारखे दिग्दर्शक तयार झाले, सगळे एकमेकांच्या सेटवर पडेल ते काम करत शिकले. 2002 मध्ये अनादोलू कुल्तुर या संस्थेने दियारबाकिरमध्ये कलाकेंद्र उघडलं, आणि 2015 मध्ये स्वतंत्र फिल्मसाठी नवा फंड सुरू करण्यातही तिचा हात होता.

आणि आता इथे थांबून सांगायलाच हवं की या कामाची किंमत काय पडते. अनादोलू कुल्तुरचे संस्थापक उस्मान कवाला 2017 च्या ऑक्टोबरमध्ये अटक झाले आणि 2022 मध्ये त्यांना जन्मठेप झाली. हा खटला 2013 च्या गेझी आंदोलनाचा, म्हणजे इस्तंबूलमधल्या गेझी पार्कपासून पेटलेल्या सरकारविरोधी निदर्शनांचा. त्याच खटल्यात निर्मात्या चिदेम मातेर यांना 18 वर्षांची शिक्षा, आणि त्यांच्यावर आरोप होता तो गेझी आंदोलनावरच्या एका डॉक्युमेंटरीचा, जी कधी बनलीच नाही!

2015 चं 'बाकुर' प्रकरणही असंच. पीकेके म्हणजे तुर्कस्तानशी लढणारी कुर्दी सशस्त्र संघटना, तिच्या छावण्यांमधलं रोजचं जगणं दाखवणारी डॉक्युमेंटरी, इस्तंबूल फेस्टिवलमध्ये लागणार होती, आणि शोच्या अगदी तोंडावर मंत्रालयाचं पत्र आलं की नोंदणीचा दाखला नाही, दाखवता येणार नाही. गंमत म्हणजे हा दाखला फक्त देशातल्या फिल्मना लागायचा, परदेशी फिल्मना नाही. त्यावर वीसहून जास्त फिल्ममेकर्सनी आपापल्या फिल्म्स मागे घेतल्या आणि स्पर्धाच रद्द झाली. 2019 मध्ये दोन्ही दिग्दर्शकांना प्रत्येकी साडेचार वर्षांची शिक्षा झाली.

मुंबईकरांना यात ओळखीचं काहीतरी दिसेल. 2004 च्या मिफला, म्हणजे मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला, असंच, सेन्सॉर सर्टिफिकेटची अट फक्त भारतीय फिल्मना घातली होती, विरोध झाल्यावर ती मागे घेतली पण बऱ्याच फिल्म्स निवडीतच गळाल्या, मग फिल्ममेकर्सनी प्रभादेवीला भूपेश गुप्ता भवनात स्वतःचं 'विकल्प' भरवलं आणि नाकारलेल्या फिल्म्स लोकांना दाखवल्या.

[दृश्य: एडिट टेबल, टाइमलाइनवर लांबलचक क्लिप्स]

तर मग मेंटरने नक्की करायचं काय? आंतरराष्ट्रीय पातळीवर आम्स्टरडॅमच्या इडफा या डॉक्युमेंटरी फेस्टिवलचा बर्था फंड आहे, 1998 पासून वेगळ्या नावाने सुरू झालेला, नैऋत्य आशिया आणि उत्तर आफ्रिकेसाठी क्लोज अप नावाचा प्रोग्रॅम आहे. चांगल्या प्रोग्रॅममध्ये मेंटर महिनोन्‌महिने सोबत असतो, ट्रीटमेंट म्हणजे फिल्म कशी असेल याचं टिपण वाचतो, टीझर बघतो, बजेट नीट करायला लावतो, आणि सगळ्यात मोठं म्हणजे रफ कट म्हणजे पहिलं कच्चं एडिट बघायला येतो. कारण डॉक्युमेंटरी एडिटमध्येच घडते हो. दोन दिवसांचं वर्कशॉप, ग्रुप फोटो, टोट बॅग, याला मेंटरिंग म्हणू नका. आपल्या दियारबाकिरच्या मुलीला खरा प्रश्न पडतो तो आठ महिन्यांनी, रात्री, जेव्हा आजी कॅमेऱ्यासमोर एखाद्या शेजाऱ्याचं नाव घेते आणि ते ठेवायचं की कापायचं हे कळत नाही. कुणाचा चेहरा लपवायचा, फुटेजची दुसरी कॉपी कुठल्या शहरात ठेवायची, पोलिसांनी फोन घेतला तर त्यात काय सापडेल, हे सांगणारा माणूस तिथला असावा लागतो, नुसतं थ्री-ॲक्ट स्ट्रक्चर समजावून भागत नाही.

संमतीचा मुद्दा तर त्याहून नाजूक. 'सबाया' ही कुर्दी-स्वीडिश दिग्दर्शकाची डॉक्युमेंटरी, आयसिसने पळवून नेलेल्या याझिदी, म्हणजे कुर्दी बोलणाऱ्या एका वेगळ्या धर्माच्या, स्त्रियांच्या सुटकेची, 2021 ला सनडान्समध्ये दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. नंतर त्यातल्या काही स्त्रियांनी न्यूयॉर्क टाइम्सला सांगितलं की आम्हाला फुटेजचं काय होणार हे नीट कळलं नव्हतं, एकीने तर फिल्ममध्ये यायचंच नव्हतं असं सांगितलं. दिग्दर्शकाचं म्हणणं होतं की संमती घेतली होती. पण याझिदी म्हणजे अल्पसंख्याकांतलेही अल्पसंख्याक, त्यात इतकं सोसून आलेल्या बायका, त्यांची एकदा घेतलेली सही पुरेशी कशी धरायची? शूटच्या आधी विचारा, एडिट झाल्यावर दाखवून पुन्हा विचारा, आणि नाही म्हणाली तर तो सीन गेला. हे नवीन फिल्ममेकरला पहिल्याच आठवड्यात शिकवायला पाहिजे.

सीमेपलीकडे सीरियात आमुदा गाव आहे. 13 नोव्हेंबर 1960 ला तिथल्या सिनेमागृहात शाळेच्या पोरांना अल्जीरियाच्या लढ्यासाठी निधी जमवायच्या शोला नेलं होतं, आग लागली आणि 280 हून जास्त मुलं गेली. त्या भागात 2015 मध्ये रोजावा फिल्म कम्यून उभं राहिलं (सीरियातल्या कुर्दी भागाला रोजावा म्हणतात), युद्ध चालू असताना, गावोगाव पडदा लावणं आणि तरुणांना फिल्म शिकवणं, दोन्ही सुरू केलं. तिथे शिकवणारे आणि शिकणारे एकाच भाषेत बोलतात, आणि मला वाटतं मोठ्या फंडांनी नेमकं हेच उचलावं. कुरमांजी, सोरानी आणि तुर्कस्तानातल्या काही कुर्दींची झाझाकी, या भाषांत अर्ज घ्या, व्हिडिओवर बोलून पाठवलेला अर्जही चालू द्या, अनुवादकाचे पैसे फंडाने द्यावेत, स्थानिक मेंटरला परदेशी मेंटरइतकंच मानधन द्या, आणि वकिलाचा खर्च बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून धरा.